प्रजाती क्रमांक चार

३ डिसेंबर २०२४

बसत नाही! कशातच बसत नाही.

दिवसभर तीन पुस्तकं उघडी टाकून बसले होते. बरणीतली ती बारकी गोगलगाय शेंड्याकडून पाहिली, तोंडाकडून पाहिली, आडवी केली, उभी केली. प्रत्येक पुस्तक म्हणतं, माझ्याकडे नाही, पुढच्याला विचार. शेवटी लेबलवर पेन्सिलने लिहिलं — प्रजाती ४. म्हणजे ओळख न पटलेली चौथी. आधीच्या तिघींना महिन्याभरात नावं सापडली, जुनीच निघाली. हिचंही तसंच होईल. उगीच आशा लावून घ्यायची नाही.

तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही ती. लक्षद्वीपच्या पलीकडे, जवळजवळ हजार मीटर खालच्या चिखलातून आलेली. सर्वेक्षणाच्या जहाजाने कधीतरी तो चिखल वर ओढला, चाळला, स्पिरिटात घातला, आणि बरण्या वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्या. नेरूरकर सर निवृत्त होऊन रत्नागिरीला गेले तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. "तुला चिकाटी आहे. आणि जालन्यात दुसरं करण्यासारखं आहे तरी काय?" असं म्हणाले होते. पीएच.डी.चे मार्गदर्शक, त्यांना असं बोलायची मुभा आहे.

संध्याकाळी शिपाई कमरोद्दीनभाई कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप लावायला आले. रोजचाच प्रश्न. "म्याडम, आज समंदर कुठवर आला?"

बदनापूरपर्यंत, म्हटलं.

"मंग उद्या जल्दी या. गर्दी होईल."

४ डिसेंबर

पुन्हा पाहिली. बसत नाही.

१५ डिसेंबर

काल संभाजीनगरला जाऊन रिकाम्या शंखाचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर फोटो काढून आणले. रात्रभर तेच डोळ्यांपुढे.

वर्णन लिहायला घेतलं. या लिखाणात 'सुंदर' शब्द चालत नाही. 'नाजूक' चालतो, पण भिंत किती जाड ते लिहावं लागतं. उंची, रुंदी, वेढे किती, तोंड गोल की लांबट, नाभी, म्हणजे शंखाच्या बुडाचं भोक, उघडी की झाकलेली. मला हे आवडतं. इथे कोणी 'वाटतं' म्हणत नाही.

गोगलगायीचं एक आहे. ती वाढते तसा शंख वाढवत नेते, पण जन्मताना होता तो टाकून देत नाही. तो शेंड्यावर तसाच राहतो — पिल्लाचा शंख. म्हातारी झाली तरी डोक्यावर तो असतोच. आणि प्रजाती ओळखायची तर आधी तोच बघायचा असतो. हिचा दीड वेढ्याचा, थोडा फुगीर. वर सुईने ओढल्यासारख्या रेघा. आणि पिल्लूपण संपतं तिथे एक जाड कड. अशा रेघा मला कुठल्याच चित्रात सापडत नाहीत.

घरी नवऱ्याला, कल्याणला, फोटो दाखवला. तो बियाण्यांच्या कंपनीत, त्याला प्रत्येक गोष्टीत उगवणशक्ती दिसते. "दीड वेढा म्हंजे चांगलं का वाईट?"

चांगलं-वाईट काही नाही, म्हटलं. पुष्कळ वेढे असले तर समजायचं की पिल्लू पाण्यात पोहत पोहत लांब गेलं. दीडच असला तर अंड्यातून निघालं आणि तिथेच रांगायला लागलं.

"म्हंजे ही लांब गेलीच न्हाई," तो म्हणाला. मग बराच वेळ फोटो हातात घेऊन बसला. मी ताटं घेतली.

२९ डिसेंबर

वाट बघणे. हिच्या सगळ्यात जवळची वाटते ती एक प्रजाती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशी मोहिमेत सापडलेली. तिचा मूळ नमुना तिकडच्या संग्रहालयात आहे. त्यांना मेल टाकून दोन आठवडे होत आले. त्यांचे फोटो आल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही — सरांची सक्त ताकीद. नवीन नवीन म्हणून नाचायचं आणि मग जुनीच निघायची, असं पुष्कळांचं झालं आहे.

स्टाफरूममध्ये अजून एकाने विचारलं, जालन्यात समुद्र कुठे आहे? या वर्षातला कितवा कोण जाणे. आता मी नुसती हसते.

९ जानेवारी २०२५

फोटो आले.

वेगळी आहे! त्यांच्या नमुन्याचा पिल्लाचा शंख गुळगुळीत, कडही नाही. तोंड वेगळं. नाभी वेगळी. चारदा शेजारी शेजारी लावून पाहिलं. सरांना फोन केला तर आधी पाच मिनिटं शंकाच काढत राहिले, हे मोजलंस का, ते बघितलंस का. मग म्हणाले, "संध्या, ही नवीन आहे."

मी प्रयोगशाळेच्या बेसिनवर तोंड धुतलं. कमरोद्दीनभाईंनी विचारलं, रडल्या का? नाही म्हटलं. रडलेच होते.

१० जानेवारी

कल्याण मामा चौकातून जिलेबी घेऊन आला. "कुणी बघितलेली न्हाई म्हंजे बिलकुल कुणीच न्हाई?" असं दोनदा विचारलं. त्याला मनापासून आनंद झाला होता. मग एकदम म्हणाला, "नाव काय ठेवायचं मंग?"

म्हणून गेला, आणि हातातला तुकडा पुड्यात परत ठेवला. मीही जिलेबी खाली ठेवली. जो पहिल्यांदा वर्णन लिहितो तोच नाव देतो, असा नियम आहे, एवढंच मी म्हणाले. तो हो म्हणाला. आमच्या घरात नाव ठेवण्याचा विषय चार वर्षांत निघाला नव्हता.

२ फेब्रुवारी

अंगात जीव होता तेव्हा सापडलेल्या अशा दोनच. बाकी रिकामे शंख. जिभेवरचे दात पाहिल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही, आणि दात पाहायचे तर शंख फोडून आतलं मांस विरघळवावं लागतं. म्हणजे दोघींपैकी एकीला फोडायचं. दुसरी राहणार होलोटाइप — नाव जिच्या अंगाला कायमचं चिकटतं तो नमुना. पुढे कोणाला शंका आली तर जगात फक्त तिच्याकडे बोट दाखवायचं.

कोणती फोडायची हे ठरवायला दोन दिवस लागले. वेड्यासारखं दोघींकडे आळीपाळीने बघत होते. एकीच्या तोंडाची कड किंचित दुखावलेली. तीच घेतली.

कमरोद्दीनभाई मागे उभे होते. "मेलेलीच हाय न म्याडम?"

कधीचीच, म्हटलं.

"मंग हरकत न्हाई. ती तर गेली. ही पेटी उरली."

चिमट्याचा एक बारीक आवाज. बस.

४ फेब्रुवारी

दात मिळाले. ओळीच्या ओळी, फणीसारखे. मधला दात तिच्या जातवाल्या कुठल्याच प्रजातीसारखा नाही. आता शंकेला जागा नाही.

१९ फेब्रुवारी

सुट्टी. बाहेर मिरवणूक. खिडक्या लावून घेतल्या.

२० फेब्रुवारी

काल जमलं नाही, आज लिहिते. इथे तरी लिहिलं पाहिजे.

१९ फेब्रुवारी २०२१. आमची मुलगी आठ दिवसांची होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत, मनगटावर पट्टी — बेबी ऑफ संध्या. कोरोनामुळे आत एकालाच बसू द्यायचे. माझे टाके दुखत होते, अंगात ताप होता, तरी मी उठत नव्हते. सुरेखाताई — कल्याणची मोठी बहीण — रोज बदनापूरहून यायच्या आणि बाहेर बाकावर बसायच्या. त्या सकाळी आत आल्या आणि म्हणाल्या, "तू जा घरी. आंघोळ कर, दोन घास खा. मी हाय न इथं." मी नको नको म्हणत होते. त्यांनी मला दंडाला धरून उठवलंच. घरी अंगावर पाणी घेत होते तेव्हा फोन आला.

चार दिवसांनी बारसं होतं. बारशाच्या आधी गेलेल्या लेकराला नाव नसतं. वाटूरला, सासरच्या गावी, शेताच्या कडेला पुरलं. मी गेले नाही, बाळंतिणीने जायचं नसतं म्हणाले.

तेव्हापासून सुरेखाताईंशी मी चहा घेणार का आणि गाडी किती वाजता, एवढंच बोलते. त्यांनी मला तिथून घालवलं. मी असते तर ती वाचली असती असं नाही, एवढी अक्कल मला आहे. पण मी असते तर मी तिथे असते. शेवटी तिच्याजवळ आई नव्हती.

नाव मी सहाव्या महिन्यातच ठरवलं होतं. कोणालाच सांगितलं नव्हतं, कल्याणलाही नाही. बारशाला आत्याच्या कानात सांगणार, आत्या बाळाच्या कानात सांगणार, असं सगळं मनात योजलेलं. ते नाव अजून कोणाच्या कानात गेलेलं नाही.

१६ मार्च

सरांचा फोन. आडून आडून आले. "नावाचा काही विचार केलास का?"

मग सांगितलं. ज्या संस्थेचं जहाज, तिच्या संचालकांचं नाव दिलं तर बरं दिसेल. पुढच्या सर्वेक्षणातल्या बरण्या कोणाकडे द्यायच्या हे तेच ठरवतात. "तुझ्या भल्याचं सांगतो. आणि वाईट माणूस नाही तो." सर लबाड नाहीत. त्यांनी स्वतःच्या चार प्रजातींना अशीच नावं दिली आहेत, आणि त्यामुळेच तर माझ्या कपाटात आज बरण्या आहेत.

विचार करते म्हटलं.

"कर, घाई नाही. छापून येईपर्यंत नाव हे नाव नसतं. हस्तलिखितातल्या नावाला काडीची किंमत नाही."

१८ मार्च

बरण्या मिळाल्या नाहीत तर नाहीत.

ठरलं. सरांना कळवलं. कोणाचं नाव, म्हणून त्यांनी विचारलं. माझ्या घरातलं, म्हटलं. ते थोडे दुखावले. "पहिली लेखिका तू आहेस. मी अडवणार नाही." फोन ठेवताना आवाज मऊ झाला होता. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही.

नाव हस्तलिखितात टाइप केलं. पहिल्यांदाच अक्षरांत पाहिलं. इथे लिहीत नाही.

३० मार्च

पाडवा. वाटूरला गेलो नाही. सुरेखाताई येणार होत्या तिथे. मला ताप आहे असं सांगितलं.

२१ एप्रिल

लेख पाठवला. सतरा पानं, तीन मिलिमीटरसाठी. कल्याण म्हणाला, "आमच्या तुरीच्या वाणाचं माहितीपत्रक दोन पानांचं असतंय."

नाव कुठलं ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२४ मे

होलोटाइप गेला. कोलकात्याच्या संग्रहालयात जमा केल्याशिवाय लेख पुढे सरकत नाही. पोस्टाने स्पिरिट जात नाही, म्हणून सरांचा एक जुना विद्यार्थी तिकडे निघाला होता त्याच्या हाती द्यायचं ठरलं. जालना स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते. काचेची बोटभर नळी, ती डब्यात, डबा खोक्यात. कापूस नको, लाकडी पेटी नको, त्यांच्या वाफेने शंख पांढरा पडून झिजतो — हे मी त्याला डब्याच्या दाराशी तीनदा सांगितलं. "हो म्याडम, हो म्याडम," करत त्याने खोकं मांडीवर घेतलं.

गाडी गेल्यावर बाकावर बसून राहिले. लेबलवर अजून प्रजाती ४ हेच आहे. नाव छापल्यावर ते लेबल बदलतील.

या वेळी निदान मी पोहोचवायला गेले.

७ जुलै

परीक्षकांचे अभिप्राय आले. दोघांनीही पास केलं! पहिल्याने मोजमापांत तीन चुका काढल्या, तिन्ही खऱ्या. दुसऱ्याने शेवटी एक ओळ लिहिली आहे — नावाचा उगम स्पष्ट नाही, ही व्यक्ती कोण, एका वाक्यात लिहावे.

एका वाक्यात.

मुलगी लिहायचं, तर पट्टीवर नाव नसलेल्या मुलीला या नावाने कोण ओळखतं? माझ्याशिवाय कोणीच नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. शेवटी लिहिलं — एका बाळाच्या स्मरणार्थ. वाचायला कसंतरीच वाटलं, कोणा परक्याचं असल्यासारखं.

१३ जुलै

रविवार. वाटूरला जाऊन आलो. कल्याण शेताकडे गेला, मी आणि सासूबाई ओसरीत. झुंबरबाई म्हणजे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना धाक, पण माझ्याशी कधी वावगं बोलल्या नाहीत. त्या दिवसानंतरही नाही. सूप घेऊन तूर निवडत होत्या. मला का कोण जाणे, सांगावंसं वाटलं.

म्हटलं, आई, समुद्रातली एक गोगलगाय मी शोधली. कोणी पाहिलेली नव्हती. तिला आपल्या बाळाचं नाव देते आहे.

"बाळाला नाव कुठं होतं?"

मी मनात ठरवलं होतं.

सूप हलत राहिलं. खडे एका बाजूला, तूर एका बाजूला. मग म्हणाल्या, "आत्याला ईचारलं का?"

कशाबद्दल?

"नाव आत्या ठेवती. आईनं ठरवलेलं नाव नसतं, ते मनातलं असतं. आत्यानं कानात सांगितलं, चार बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, मंग ते नाव झालं." आणि तूर डब्यात ओतत, "गोगलगाईला ठेव न्हाईतर कशाला बी ठेव. पर आत्याला ईचार."

१४ जुलै

राग अजून उतरला नाही. कालपासून डोकं तापलं आहे. एवढे महिने डोळे फोडून मी बसले, हजार मीटर खालून मी वर काढली, आणि विचारायचं कोणाला? जिने मला हाताला धरून बाहेर काढलं तिला!

काल परत येताना मोटारसायकलवर कल्याणला सगळं सांगितलं. नाव मी ठरवलं होतं, तेही. तो बराच वेळ गाडी चालवत राहिला. रामनगरच्या पुढे एका झाडाखाली थांबवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगायचं न संध्या. मी बी बाप होतो तिचा."

नाव त्याने अजूनही विचारलं नाही. 'होतो' म्हणाला, ते सारखं आठवतं.

७ ऑगस्ट

प्रूफ आलं. सोमवारपर्यंत परत पाठवायचं. दुरुस्त्या फक्त आवश्यक त्या कराव्यात, असं वर लिहिलं आहे. छापील अक्षरांत ते नाव, तिरपं. त्यापुढे 'नवीन प्रजाती'. त्यापुढे माझं आणि सरांचं नाव.

आनंद व्हायला हवा होता. वाचलं आणि सासूबाईंचं सूप आठवलं.

९ ऑगस्ट

राखी. कल्याण दरवर्षी एकटाच बदनापूरला जातो. सकाळी तो बूट घालत होता तेव्हा मी म्हटलं, मीही येते. त्याने एक बूट तसाच हातात ठेवून माझ्याकडे बघितलं.

सुरेखाताईंनी मला दारात बघितलं आणि आत पळाल्या. मला वाटलं तोंड लपवायला. पाण्याचा तांब्या आणायला गेल्या होत्या. थकल्या आहेत. केस निम्मे पांढरे. कल्याणला राखी बांधली, ओवाळलं, मला पुरणपोळी वाढताना दोनदा विचारलं, तूप घालू का. जेवणं झाल्यावर कल्याण त्यांच्या नवऱ्याबरोबर बाहेर गेला. मुद्दामच.

मी पाठ करून गेले होते, तसं कोरडंच सांगितलं. एक गोगलगाय आहे, तिला बाळाचं नाव द्यायचं आहे, आई म्हणाल्या आत्याला विचार, म्हणून विचारायला आले.

त्या ऐकत राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाल्या, "नाव तर तिला हाय, संध्या."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी सकाळी डाक्टरनं मला बाहेरच गाठलं. म्हणले, दुपार पाहनार न्हाई, आईला संभाळा. मी लई विचार केला. तू उभी राहू शकत नव्हती, ताप भरलेला. म्हनलं, हिच्यानं बघणं व्हनार न्हाई. म्हनून तुला उठवलं. घरी गेली म्हंजे कल्याण जवळ असंल, असं वाटलं मला."

मी म्हटलं, उठवायला नको होतं. आवाज चढला माझा. बघणं होतं की नाही ते मी ठरवलं असतं. माझं लेकरू होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. रोज वाटतंय."

बाहेर मालगाडी गेली. बराच वेळ जात राहिली. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मी गेल्यावर त्या आत बसल्या. श्वास मंद होत गेला. त्यांना वाटलं, ही आता बिननावाचीच जाणार. त्यांनी सिस्टरला विनवलं. सिस्टरने पेटीची गोल खिडकी उघडून दिली. "मी मास्क खाली केला. ती बाई वरडली न्हाई मला, तिकडं तोंड करून उभी राह्यली. मी आत तोंड नेलं, कानात कुर्र केलं, आन नाव सांगितलं. तिनं डोळे हलिवले, संध्या. खरं सांगते. मंग माझं बोट तिच्या मुठीत होतं, गेली तोवर."

मी त्यांच्या त्या बोटाकडे बघत राहिले.

"तुला कसं सांगू? तू माझ्याकडं बघत बी नव्हती. आन बारसं असं असतंय का? ना पाळणा, ना घुगऱ्या. पाठीत धपाटा घालायला बी कुणी नव्हतं माझ्या."

नाव काय ते मी विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. कल्याण आला, आम्ही निघालो. रस्त्यात त्याच्या पाठीला डोकं टेकून खूप रडले. हेल्मेट असूनही त्याला कळलं असावं. गाडी हळू चालवली त्याने.

चार वर्षं मी म्हणत होते, शेवटी तिच्याजवळ आई नव्हती. आत्या होती.

१० ऑगस्ट

सरांना फोन केला. प्रूफमध्ये नाव बदललं तर चालेल का? सर तीस वर्षांच्या सवयीने आधी ओरडले. मग म्हणाले, "छापलेलं नाही तोवर तुझ्या हातात आहे. पण कारण काय?"

आधीचं मनातलं होतं, म्हटलं.

११ ऑगस्ट

रजा टाकली. सकाळच्या पॅसेंजरने बदनापूर, एकटी. सुरेखाताई उंबऱ्यातच होत्या. नाव विचारलं. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. साधं नाव, त्यांच्या लहानपणी गल्लीत एक हसरी पोर होती तिचं. मला कधीच सुचलं नसतं. मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला, चांगला जोरात. त्या खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

तिथेच, त्यांच्या ओसरीत बसून प्रूफ दुरुस्त केलं. माझं नाव खोडलं. ते आता कोणालाच सांगायचं नाही, त्याची गरज नाही. नावाचा उगम, एका वाक्यात मागितला होता, दोन झाली :

लेखिकेची मुलगी शालू हिच्या नावावरून. नाव तिच्या आत्याने ठेवले.